नोंदवहीतला ५८

थंड हवेच्या ठिकाणच्या छोट्या संग्रहालयात पावसाळ्यात गर्दी होते ती बहुतेक आडोशाला आलेल्यांची. ओले रेनकोट, ओल्या छत्र्या, पन्नास माणसांचे श्वास. ही सगळी वाफ वस्तूंच्या वाट्याला येते. जतनाच्या तपासणीसाठी गेले तेव्हा असाच दिवस होता.

तिकिटावरच्या काकांनी आधी एका जुन्या ग्रुप फोटोपाशी नेलं. टॉर्च तिरका धरला, तर खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग चकचकीत दिसला. फोटो काचेला चिकटला होता. फ्रेम करताना मध्ये माउंट, म्हणजे फोटो काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घातलाच नव्हता. कागदावरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ पडून काचेला टेकतो आणि वाळला की डिंकासारखा धरतो. ओढला तर चेहरे काचेवर येतात, कागद कोरा राहतो.

हॉलमधला केसाचा आर्द्रतामापक (आतला ताणलेला केस दमट हवेत लांबतो आणि काटा फिरवतो) ५८ टक्के दाखवत होता, माझा डिजिटल ७२. नोंदवहीत महिनोन्‌महिने ५८, ५७, ५८. भर पावसाळ्यात इतकी सरळ रेघ? मग मिठाची चाचणी लावली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी बाद. झाकण आणि दोन्ही मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर. आतली आर्द्रता ७५ वर स्थिरावते. सकाळी डिजिटल ७५, काट्याचा ६१.

केस जुना झाला की सुस्तावतो. मापक अधूनमधून ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळायचा, काटा शंभरीच्या जवळ जायला हवा. नाही गेला तर मागचा स्क्रू फिरवून लावून घ्यायचा. हे कुणी सांगितलंच नव्हतं. मापक द्यायचा आणि तो जपायचा कसा ते सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी खोड.

शेजारचे दोन फोटोही माउंटशिवायच होते, तरी ठीक होते. ते आतल्या भिंतीवर, हा बाहेरच्या. हॉल २० अंश, बाहेरची भिंत १७. हॉलमधली ७२ टक्क्यांची हवा भिंतीला लागून गार झाली की ८५ च्या पुढे जाते, आणि बुरशीला सत्तरीच्या आसपासही पुरतं. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले असते तर हवा खेळती राहिली असती.

फोटो सोडवला नाही. काचेतूनच कॅमेऱ्याने त्याची प्रत काढली आणि फ्रेम काचेसकट आतल्या भिंतीवर हलवली.

निघताना काका म्हणाले, "मॅडम, कुबट वास तर जूनपासून येतोय. पण वहीत वासाचा रकाना नाही ना."

मी वही चाळली. मागच्या भेटीच्या पानावर माझीच सही होती, आणि वर शेरा: नोंदी समाधानकारक.