"सिस्टर, सगळं मशीनच करणार का?"

काल सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एका काकूंनी माझा हात धरला. काकांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रोबोटिक ऑपरेशन होतं. "सिस्टर, सगळं मशीनच करणार का हो? डॉक्टर नसणार?" मी घाईत होते. "असणार ना काकू, मीही असणार," एवढंच बोलून आत गेले. नीट सांगायचं राहिलं, ते आता लिहिते.

काकू, तो रोबोट आपणहून सुईसुद्धा उचलत नाही. सर, म्हणजे ऑपरेशन करणारे सर्जन, त्याच खोलीत चार पावलांवर कन्सोलला, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी बसतात, बूट काढून, कारण पायाखाली पेडल असतात. त्यांची बोटं हलली तरच आतली अवजारं हलतात. आतलं दृश्य दाखवणाऱ्या व्ह्यूअरपासून त्यांनी डोळे बाजूला घेतले, की यंत्राचे हात जागच्या जागी थांबतात.

साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये अवजारं सरळ काडीसारखी असतात. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. आमच्या रोबोटच्या, म्हणजे दा विंचीच्या अवजाराला टोकाशी मनगट असतं. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग पुन्हा जोडायचे असतात, ओटीपोटाच्या हाडामागे, अगदी अडचणीच्या जागी. तिथे ते मनगट सुई अलगद वळवतं आणि यंत्र हाताचा कंप टोकापर्यंत पोचू देत नाही. इतकी वर्षं बघतेय, तरी तो टाका पडताना माझी नजर स्क्रीनवरून हलत नाही.

एक उणीव मात्र आहे. आमच्या मशीनवर सरांना धाग्याची ओढ हाताला कळत नाही. ऊतक पांढुरकं पडतंय का, ते डोळ्यांनी बघून ताण ओळखावा लागतो.

आणि पेशंटजवळ आम्ही असतो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला, टेबल डोक्याकडून खाली झुकवलेलं. एकदा डॉकिंग, म्हणजे यंत्राची जोडणी झाली की आमच्याकडे टेबलाला कुणी हात लावायचा नाही, कारण यंत्राचे हात पोटातल्या पोर्टना, म्हणजे अवजारं आत जायच्या नळ्यांना जोडलेले असतात. अचानक रक्तस्राव झाला तर आधी अवजारं बाहेर, मग हात सोडवायचे, मग यंत्र मागे. याची तालीम आम्ही पुन्हा पुन्हा करतो. २००१ मध्ये जाक मारेस्को या फ्रेंच सर्जननी न्यूयॉर्कमध्ये बसून रोबोटनं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईंचं पित्ताशय काढलं, तेव्हासुद्धा त्या बाईंच्या उशाशी डॉक्टर उभे होतेच.

आज ड्युटी संपल्यावर वॉर्डात डोकावले. काका पॅसेजमध्ये हळूहळू चालत होते. काकूंच्या एका हातात त्यांचा दंड होता, दुसऱ्या हातात कॅथेटरची पिशवी.