हलकी रायफल, मॅग्नमचं काडतूस आणि आमचा पुतण्या

आधीच सांगतो म्हणजे कुणाचा गैरसमज नको. आपल्याकडं 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि बंदच राहावी या मताचा मी आहे, पाटण-कोयनेकडं गवे आणि डुकरं रात्रीत भुईमुगाचा फडशा पाडतात तो विषय वेगळा. मी सांगतोय ते न्यूझीलंडचं. तिथं वटवाघूळ सोडलं तर जमिनीवरचा सस्तन प्राणी मुळात नव्हताच, सगळी हरणं बाहेरून आणून सोडलेली, आणि 1904 ला तर हिमालयातला ताहर, म्हणजे ते दाट आयाळीचं रानबकरं, माउंट कुकजवळ सोडला. वाघ-बिबट्या नाही, मग काय, वाढला भरमसाठ. आता तो डोंगरावरची झाडी खाऊन संपवतोय म्हणून सरकारी संवर्धन खातंच परमिट देतं, जा आणि मारा.

आमचा पुतण्या क्राइस्टचर्चला स्थायिक झालाय. लायसन काढलं, रायफल घेतली आणि मग फोन, काका, काडतुसं कुठली घेऊ? म्हणजे आधी घोडा घेतला आणि मग विचारतोय चारा कुठला. तुम्ही फौजेत होता तुम्हाला माहीत असेल म्हणे. आता खरं सांगायचं तर फौजेत जवानाला कोण विचारतं गोळी कुठली पाहिजे, पेटी फुटली की जे निघेल ते भरायचं. आणि फौजेची गोळी पूर्ण कवचाची, आत गेल्यावर फुलणारी गोळी लढाईत नको हे 1899 ला हेगला ठरलं, आणि ते ठरायला कारण झाली आपल्या कोलकत्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली गोळी. शिकारीत बरोबर उलटं, तिथं फुलणारीच पाहिजे, नाहीतर जनावर आरपार जखमी होऊन कुठंतरी कड्यात जाऊन तडफडत मरतं.

रायफल म्हणजे .300 विनचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जादा दारूचं, जोरदार काडतूस), 1963 पासूनचं काडतूस. दुर्बिणीसकट साडेतीन किलोच्या आत. डोंगरात हलकी पाहिजे हे मान्य, सज्जनगड चढताना खांद्यावरची पिशवीसुद्धा शेवटी शेवटी नको होते, तिथं तर दिवसभर चढ. पण मॅग्नम हलक्या रायफलीत म्हणजे झटका कुणाच्या खांद्यावर येणार? आमच्या एसएलआरच्या (फौजेतली तेव्हाची रायफल) 7.62 मिमी काडतुसात दारू साधारण 45 ग्रेन (गोळी-दारू मोजायचं बारीक वजन, 15 ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम), ह्याच्यात 70 च्या आसपास, आणि एसएलआर चार किलोच्या वर, शिवाय गॅसवर चालणारी त्यामुळं झटका थोडा खाऊन टाकायची. ह्याच्या रायफलीत 180 ग्रेनच्या गोळीला झटका 30 फूट-पाउंडच्या (झटका मोजायचं माप) वर जातो, त्याच वजनाच्या रायफलीत .308 ला, म्हणजे 7.62 च्या शिकारी भावाला, 17-18. मी तिथं गेलो तेव्हा पुतण्याला शेजारी उभं करून (लायसनवाला बाजूला लागतो, तसाच नियम आहे) झाडून बघितली, तिसऱ्या राउंडनंतर हसत हसत म्हणालो बास, चहा घेऊ.

त्याचं गणित असं होतं की 150 ग्रेनची हलकी गोळी घेऊ म्हणजे झटका कमी. दुकानदारानंपण तसंच सांगितलेलं. आता बघा, हलकी गोळी म्हणजे जास्त वेग आणि दारू पण थोडी जास्तच, त्यामुळं कागदावर फरक पडतो तो चार-पाच टक्के, खांद्याला कळतसुद्धा नाही. खरा फरक पडतो रायफलीचं वजन, दस्त्याला खांद्याकडं लावलेलं रबर आणि सायलेन्सरनं. तिथं सायलेन्सर दुकानात उघड मिळतो, सर्रास लावतात, तो लावला की झटका चांगलाच उतरतो आणि कानपण वाचतात. मग थोडं वजन वाढलं तर वाढू दे.

आणि हलक्या गोळीचा दुसरा घोळ म्हणजे मॅग्नमचा वेग. ताहर दरीपलीकडं 300 यार्डावर असेल तर ठीक, पण लाल हरीण झाडीत 40 यार्डावर उठलं तर साध्या मऊ गोळीच्या तिथंच चिंधड्या होतात, आत पोचतच नाही. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाला 1946 ला कॅनडात हाच अनुभव आला, तेव्हाचं .300 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, चिखलानं माखलेला मूस (तिकडचं भलंमोठं हरीण), गोळ्या आत शिरेनात. मग त्यानं पार्टिशन गोळी बनवली, मधे तांब्याची भिंत, पुढचा भाग फुलतो आणि मागचा शाबूत राहून पुढं घुसतो. इतकी वर्षं झाली तरी फॅक्टरी काडतुसात ती मिळते. माझं मत विचाराल तर मॅग्नमला 165 ते 180 ग्रेन, आणि गोळी घट्ट बांधलेली, म्हणजे आत गेल्यावर तुकडे न होणारी, पार्टिशन नाहीतर नॉस्लरचीच अ‍ॅक्युबाँड. बार्न्सची पूर्ण तांब्याची पण चांगली, मटणात शिसं जात नाही, फक्त लांबवर वेग उतरला की ती फुलायला जरा कुचराई करते. हॉर्नडीची ईएलडी-एक्स गोळी लांब पल्ल्याला झकास, पण जवळून हाडावर बसली तर मला भरवसा नाही.

डब्यावरच्या वेगाला भुलू नका. 180 ग्रेनला सेकंदाला 2960 फूट लिहिलेलं असतं ते 24 इंची नळीतून मोजलेलं, ह्याची नळी 22 इंची, इंचाला 25-30 फूट धरा आणि कमी करा. त्यानं काही बिघडत नाही, 200 यार्डाला झिरो केली (म्हणजे दुर्बीण तिथं नेमकी लागेल अशी जुळवली) तर 300 ला सहा-सात इंच खालीच लागते.

मग शेवटी तीन कंपन्यांचा एकेक डबा आणायला लावला, 20 ची पेटी असते. चांदमारीला तीन-तीन राउंडचं ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसतात ते बघायचं), आणि मधे नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, कारण ही काडीसारखी नळी तापली की गोळी सरकायला लागते आणि मग माणूस उगाच काडतुसाला शिव्या घालतो. मी तर म्हणतो गार नळीतली पहिली गोळी कुठं बसते तेवढंच वहीत लिहा, ताहर काय तुम्हाला पाच राउंड उभा राहून देत नाही. मधेच मी त्याला न सांगता एक डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, भरली, ट्रिगर दाबला आणि गडी डोळे मिटून खांदा आखडून बसला, रायफल गप्प. तेव्हा पटलं त्याला की झटक्याच्या भीतीनंच नेम चुकतो. त्याच्या रायफलीला 180 ची पार्टिशन मानवली, लगेच त्याच लॉट नंबरचे (एकाच खेपेत बनलेले) बाकीचे डबे उचलायला सांगितलं, लॉट बदलला की पुन्हा झिरो तपासा. सरावाला .22 (छोट्या काडतुसाची, झटका नसल्यासारखी रायफल) घे म्हणालो, मॅग्नम रोज झाडून खांदा फक्त भित्रा होतो.

मला विचारून घेतली असती तर 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम घे म्हणालो असतो, ताहरला रग्गड झाली. पण आजकाल काकाला नंतर विचारायची पद्धत आहे.

आणि कुणी तिकडं पाव्हण्यांकडं जाऊन असं रेंजवर वगैरे गेलात तर येताना जाकिटाचे खिसे, बॅगेचे कप्पे सगळे उलटे करून झटका, एक जिवंत राउंड जरी मुंबई एअरपोर्टवर मशिनमध्ये दिसला तर थेट आर्म्स अ‍ॅक्ट लागतो.