यादीतलं बर्गन

पाऊस वेळेवर येवो न येवो, आमच्या गटाची यादी दर जूनमध्ये वेळेवर जायची. पुण्यातल्या एका विद्यापीठात वातावरणभौतिकीच्या संशोधन गटाकडे मी सव्वीस वर्षं लेखनिक होतो. ढग, धूळ, थेंब, विजा यांच्या मागे लागलेली ती मंडळी, आणि वार्षिक अहवालासाठी त्यांची नावं टाइप करणारा मी. रकाने ठरलेले: मार्गदर्शक, संशोधक विद्यार्थी, प्रकल्प सहायक, बाहेरचे सहयोगी, माजी सदस्य. वाचायला सोपे, भरायला महाकठीण. प्रबंध देऊन झालाय पण तोंडी परीक्षा राहिलीय, असा मुलगा कुठे घालायचा? बिचारा स्वतःच दारात येऊन विचारायचा, ‘काका, मी अजून आहे ना?’ जर्मनीतले एक सहयोगी अकरा वर्षं यादीत होते. त्यांना आमच्यापैकी कुणी समक्ष पाहिलं नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ यायचं आणि सगळे त्या कपाळाशी बोलायचे.

मामांना मात्र रकानाच नव्हता. मामा म्हणजे शिपाई. चहा, टपाल, किल्ल्या त्यांच्याकडे, आणि इमारतीमागच्या कुंपणातलं पर्जन्यमापकही. देशभर पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतात; ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा तीन वाजलेले असतात. सव्वाआठपासून मामांच्या जिवाला चैन नसायचं. मग नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी मापाच्या ग्लासात ओतायचं, गुडघ्यांवर वाकून एक डोळा मिटायचा आणि दुसरा पाण्याच्या पातळीला आणायचा. आकडा वहीत, दशांशासकट. शेवटचा रकाना ‘शेरा’. तिथे इतर ठिकाणी रेघ मारतात, मामा लिहायचे. ‘नरसाळ्यात पिंपळाचं पान.’ ‘रात्री कुत्रं कुंपणात.’ एकदा तर ‘धाकटा दहावी पास.’

या वह्या कपाटाच्या तळाशी पडून होत्या. एका विद्यार्थिनीने बारा वर्षांचे आकडे संगणकात चढवायला घेतले आणि एका जुलैत अडली. गावभर पाणी तुंबलेलं, आणि आमच्याकडे पाऊस शून्य. यंत्रच खोटं म्हणून ते वर्ष गाळायच्या बेतात होती. मी म्हटलं, शेरा वाच. शेऱ्यात पिंपळाचं पान होतं. नरसाळ्याची नळी बुजली होती, पाणी काठावरून वाहून गेलं होतं. एक दिवस गाळला, वर्ष वाचलं.

संध्याकाळी घरी जाताना सिमला ऑफिसच्या चौकात सिग्नल लागला की मला आणखी काही माणसं आठवायची. पुण्याच्या उन्हात हे सिमला कुठून आलं, असं पाहुणे विचारतात. हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं आणि येताना नावही घेऊन आलं. त्या खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतात होते. मूळचे गणिती. मान्सूनचा अंदाज बांधायला त्यांनी जगभरातल्या ठाण्यांचे वायुदाब, तापमान, पाऊस गोळा केले आणि कशाचा कशाशी संबंध लागतो ते आकडेमोडीने शोधत बसले. ‘बसले’ म्हणायचं आपलं. ताळे जुळवत बसले होते ते बहुतेक आपल्याकडचे कारकून. संगणक नव्हता, संगणक म्हणजे तेच. त्यातूनच पुढे पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरच्या दाबाचा तो प्रसिद्ध झोका सापडला, एकीकडे चढला की दुसरीकडे उतरणारा. कारकुनाच्या जातीचा म्हणून असेल, पण मला झोक्यापेक्षा त्या बेरजांचंच कौतुक जास्त.

गटाचे काही सहयोगी तर आपण सहयोगी आहोत हे जाणतही नव्हते. एप्रिलमध्ये वळवाच्या ढगांसाठी आमची मंडळी फुगे सोडायची. फुगा मिनिटाला तीनेकशे मीटरने चढतो, वर हवा विरळ होते तसा फुगत जातो, आणि खूप उंचावर फुटला की खालचं यंत्राचं पांढरं खोकं छत्रीने उतरतं. वरचा वारा त्या दिवसांत पश्चिमेकडून, त्यामुळे खोकं दौंडच्या बाजूला. एकदा फोन मीच उचलला.

‘सायेब, तुमचं खोकं आमच्या उसात पडलंय.’

‘घाबरू नका हो, त्यात धोक्याचं काही नाही.’

‘घाबरतोय कोण? खोलून बघितलं की. यंदा पाऊस कसाय तेवढं सांगा.’

मी फोन सरांकडे दिला. सर दहा मिनिटं बोलले, घामाघूम झाले. इतके प्रश्न त्यांना परिषदेतही कुणी विचारले नसतील.

तर पिंपळाच्या पानानंतर सर म्हणाले, यंदा ‘तांत्रिक साहाय्य’ असा रकाना करा, मामांना घ्या. मी आनंदाने केला आणि माती खाल्ली. तक्त्यात एक ओळ सरकली. नॉर्वेहून आलेल्या एका पाहुण्या संशोधिकेची पात्रता मामांच्या नावापुढे बसली: पीएच.डी., बर्गन. अहवाल छापून आला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. आलं ते मामांच्याच.

‘हे बर्गन कुठं आलं?’

मी शरमेने सगळं सांगून टाकलं. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं गाव, या विद्येची पंढरीच म्हणा. १९१७ मध्ये बियर्कनेस नावाचे प्राध्यापक तिथे आले आणि आजच्या हवामान अंदाजाचा पाया घातला. त्यांच्याच मुलाने, याकोबने, १९६९ मध्ये वॉकरच्या झोक्याची एल निन्योशी गाठ घालून दिली. पाऊसही भरपूर, वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस, सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास.

‘एवढाच?’ मामा म्हणाले. ते मूळचे महाबळेश्वरकडचे. तिथे साडेपाच हजारांच्या आसपास पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत.

शुद्धिपत्र काढतो म्हटलं तर नको म्हणाले. पुढच्या जूनमध्ये मी यादी उघडून बसलो होतो. मामांनी चहा ठेवला, वाकून एक डोळा मिटला आणि पडद्यावर आपली ओळ शोधली.

‘यंदाही बर्गनच ठेवताय का? बदलणार असाल तर जरा बऱ्या पावसाचं गाव बघा.’