आमची वाटचाल: सांगलीतलं असेंबल्ड कॉम्प्युटरचं दुकान आणि बजेटचा हिशोब

२००६ साली विश्रामबागला छोटा गाळा भाड्याने घेऊन आम्ही असेंबल्ड कॉम्प्युटरचं काम सुरू केलं. तेव्हा गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न एकच, "केवढ्याला बसेल?" पेंटियम फोर का सेलेरॉन, रॅम २५६ का ५१२, हार्डडिस्क ८० जीबी, एवढं ठरलं की पुढचं सगळं दुकानदाराच्या मर्जीवर. कोटेशन म्हणजे डायरीच्या पानावर पाच-सहा ओळी, त्यात प्रोसेसरचं नाव पूर्ण, रॅमचा आकडा पूर्ण आणि खाली नुसतं "मदरबोर्ड" (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), "कॅबिनेट विथ एसएमपीएस" (बाहेरचा डबा आणि आतल्या भागांना वीज देणारा पुरवठा) असं मोघम. सगळी गोम त्या मोघम ओळींत असते, तेव्हाही होती आणि आजही आहे. जिथं कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं नाही तिथंच बजेट कापलेलं असतं. आमचं दुकान उभं राहिलं ते या ओळी पूर्ण लिहून द्यायला लागलो म्हणून, हे मी अगदी मनापासून सांगतो.

सुरुवातीला माल आणायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबईत, मग लोकलने ग्रँट रोड आणि दिवसभर या दुकानातनं त्या दुकानात. तिथं फिरून फिरून एक गोष्ट पक्की कळली की प्रोसेसरचा रेट सगळीकडे जवळपास सारखा असतो, त्यात कुणाला फारसं सुटत नाही, फरक पडतो तो बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेटमध्ये, कारण त्याचं मॉडेल गिऱ्हाईक विचारतच नाही. आणि आमच्याकडे तर त्या वर्षांत लोडशेडिंग, लाईट जायची आणि यायची ती झटका देऊनच, त्यात हलका एसएमपीएस उडायचा आणि जाताना बोर्डही घेऊन जायचा. म्हणून आमच्या कोटेशनवर सगळ्यात आधी पूर्ण लिहिली गेलेली ओळ कुठली तर एसएमपीएसची.

हे जरा नीट सांगतो कारण आजही लोक इथंच फसतात. एसएमपीएसच्या अंगावर एक स्टिकर असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि त्याला १२ ने गुणायचं. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलेल्या साध्या एसएमपीएसवर तिथं १५ अँपिअर लिहिलेलं सापडतं, म्हणजे झाले १८० वॅट, आणि आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही करंट ओढतात ते याच १२ व्होल्टच्या लाईनवरनं. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटवर तोच आकडा चौतीसच्या आसपास असतो, म्हणजे चारशेच्या वर खरे वॅट. दोन्हीच्या किमतीत फरक असतो दीड-दोन हजाराचा आणि त्याच्यावर पुढं वीस-पंचवीस हजाराचा माल अवलंबून असतो. त्यामुळे आमच्याकडे बजेट कितीही कमी असू दे, एसएमपीएसला कात्री लावायची नाही हा नियमच आहे, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

मधल्या वर्षांत बाजाराने बरंच काही दाखवलं. २०११ ला थायलंडमध्ये पूर आला, तिथं हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इथं सांगलीत आमच्या हार्डडिस्कचे रेट दुप्पट झाले. सकाळी दिलेला रेट संध्याकाळी टिकायचा नाही. तेव्हापासून कोटेशनवर तारीख आणि "दर तीन दिवसांपुरता" असं लिहायची पद्धत पडली ती आजपर्यंत आहे. २०१७ ला जीएसटी आला, बिलाशिवायचा माल घेणाऱ्यांचं प्रमाण आमच्याकडे तरी खूपच कमी झालं आणि मला ते बरंच वाटलं, कारण बिलावर सिरीयल नंबर असला की वॉरंटीत भांडायचं काम नाही. प्रोसेसर बॉक्स पीस (कंपनीच्या खोक्यातला) आहे का ट्रे पीस (सुटा) तेही आम्ही बिलावर लिहितो, बॉक्स पीसला कंपनीची तीन वर्षं असतात, ट्रे पीसला विकणारा देईल तेवढीच.

त्याच २०१७ सालात धंद्याची दिशा बदलली. जानेवारीत इंटेलने पेंटियम जी४५६० काढला, दोन कोअर चार थ्रेड (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतली काम करणारी युनिटं, थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं), पेंटियमच्या किमतीत जवळजवळ आय३ चं काम, आणि मार्चपासून एएमडीचे रायझेन यायला लागले. तोपर्यंत सांगलीत एएमडी म्हणलं की लोक "गरम होतं" म्हणून परत ठेवायचे. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत रायझेन ३ २२००जी आला, चार कोअर आणि आतच व्हेगा ग्राफिक्स, म्हणजे वेगळं कार्ड नको, आणि त्या वेळी क्रिप्टोकरन्सी मायनिंगवाल्यांमुळे ग्राफिक्स कार्डांचे रेट आभाळाला भिडलेले. आमच्यासारख्या बजेटवाल्या दुकानाला तो प्रोसेसर म्हणजे वरदान होतं, मी हे उगाच म्हणत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार काका मुलाला घेऊन आले. पोरगं इंजिनिअरिंगला, ऑटोकॅड आणि थोडे गेम, बजेट मॉनिटर सोडून तीस हजार. काकांनी मोबाईलवर जाहिरात पुढं केली आणि म्हणाले, "मालक, इथं आय सेव्हन पंधरा हजारात मिळतोय, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, तुम्ही तर चार कोअरवालं तीसला सांगताय." प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, काका, हा आय७ २६०० आहे, २०११ चा, प्रोसेसर वाईट नाही, अजूनही पळतो, पण त्याच्याखाली बोर्ड कुठल्या कंपनीचा ते लिहिलंय का बघा. लिहिलेलं नव्हतं. एसएमपीएस? तोही नाही. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, त्याला चार जीबी काय आठ जीबी मेमरी लावली तरी कार्डाचा जीव तेवढाच, मेमरीचा आकडा मोठा दाखवून माल खपवतात. आणि मुख्य म्हणजे ह्या बोर्डावर पुढं काही चढवता येत नाही, आज घेतलं तिथंच रस्ता संपला.

मग बोर्डाचं महत्त्व सांगायला मला त्यांच्याच बागेतला शब्द सापडला. म्हणलं, काका, तुम्ही आधी डॉगरिजचा (द्राक्षाच्या मुळाकडच्या जातीचा) खुंट लावता आणि मग वर पाहिजे ती जात कलम करता, बोर्ड म्हणजे तो खुंट समजा. काकांना लगेच पटलं, मुलाला म्हणाले, "बोर्ड चांगला घे, बाकीचं बघू." त्याला बी४५० बोर्ड दिला, वर २२००जी, चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस, २४० जीबी एसएसडी आणि साधं पण समोरून जाळीवालं कॅबिनेट. रॅम आठ जीबीची एकच काडी न देता चार-चारच्या दोन काड्या दिल्या. हे का ते पण सांगतो, प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी घेऊन येत नाही, ते रॅमचीच मेमरी वापरतं, दोन काड्या असल्या की डेटा दोन वाटांनी जातो आणि गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. वर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करावं लागतं, नाहीतर ३२०० ची रॅम घेऊन ती २४०० नाहीतर २६६६ वर चालत बसते आणि गिऱ्हाईकाला कधी कळतही नाही. आमच्याकडनं जाणाऱ्या प्रत्येक मशीनला हे करूनच देतो.

तो मुलगा गेल्या वर्षी परत आला, आता नोकरीला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची जी प्रोसेसरची यादी आहे त्यात २२००जी नाही. म्हणाला, "दादा, नवीन घ्यावा लागणार का?" नाही म्हणलं. त्याच बी४५० चं बायोस अपडेट केलं, २२००जी काढून रायझेन ५ ५६००जी बसवला, सहा कोअर बारा थ्रेड, थर्मल पेस्ट नवीन, बाकी बोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं तेच. तासाभराचं काम. या बोर्डावरच्या एएमडीच्या एएम४ सॉकेटइतकी (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) वर्षं गिऱ्हाईकाचे पैसे वाचवणारी दुसरी गोष्ट मी या धंद्यात बघितली नाही.

२०१९ च्या महापुराबद्दल थोडंच लिहितो, ज्यांनी बघितला त्यांना सांगायची गरज नाही. पाणी ओसरल्यावर गणपती पेठेतल्या, मारुती रोडच्या व्यापाऱ्यांचे चिखलाने भरलेले सीपीयू रिक्षा भरून यायचे. प्रोसेसर आणि रॅम आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, वाळवून बऱ्याच वेळा चालले, एसएमपीएस मात्र एकही परत लावला नाही, तो विषय जिवाशी असतो. टॅलीचा डेटा ज्यांचा पेनड्राईव्हवर होता ते आठवड्यात परत उभे राहिले. तेव्हापासून टॅलीवाल्या गिऱ्हाईकाच्या कोटेशनमध्ये बॅकअपसाठी बाहेरची डिस्क ही वेगळी ओळ असते, मॉनिटर जुना वापरा पण ती घ्याच असं आम्ही सांगतो.

लॉकडाऊनमध्ये उलटं झालं, मागणी प्रचंड आणि माल नाही. ग्राफिक्स कार्डांचे रेट परत चढले. आम्ही पोरांना सांगायचो की आत्ता आतल्या ग्राफिक्सवर चालवा, एसएमपीएस आणि बोर्ड पुढच्या कार्डाचा विचार करून घ्या, रेट उतरले की कार्ड टाकू. बहुतेकांनी ऐकलं आणि नंतर कार्ड टाकून घेतलंही. फक्त एक काळजी घ्यायची, इंटेलमध्ये ज्याच्या नावापुढं एफ आहे, १२१००एफ, १२४००एफ, त्याला आत ग्राफिक्सच नसतं, कार्डाशिवाय डिस्प्ले येणार नाही. स्वस्त दिसतो म्हणून ऑनलाईन मागवून "डिस्प्ले येत नाही" म्हणून आमच्याकडे येणारे अजूनही आहेत.

आणि हा एफ काही लोकांना दुसऱ्याच जागी महागात पडतो. लग्नाचे व्हिडिओ करणारे आमचे बरेच गिऱ्हाईक आहेत, हल्लीचे मिररलेस कॅमेरे एचईव्हीसी ४:२:२ १० बिट (रंगांचा जास्त तपशील ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ प्रकार) मध्ये शूट करतात, ते फुटेज प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाईमलाईनवर टाकलं की महागडं ग्राफिक्स कार्ड असूनही अडकत अडकत चालतं, कारण एनव्हिडियाच्या ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांना हा प्रकार हार्डवेअरवर उलगडता येत नाही. इंटेलच्या बाराव्या जनरेशनच्या आतल्या ग्राफिक्सला मात्र येतो. म्हणजे साधा आय५ १२४०० घेतला तर टाईमलाईन पळते आणि हजार-दीड हजार वाचवून १२४००एफ घेतला तर नाही. कुठल्या कॅमेऱ्याने शूट करता हे विचारल्याशिवाय एडिटिंगच्या मशीनचं कोटेशन देताच येत नाही, असं माझं मत आहे.

गिऱ्हाईकाला आम्ही आधी कामच विचारतो, बजेट नंतर. टॅली, एक्सेल, ऑनलाईन फॉर्म भरणं असेल तर पैसे एसएसडी आणि रॅममध्ये घालायचे, प्रोसेसर आय३ पुरतो. गेम असतील तर बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला आणि त्याच्या जोडीला शोभेल तेवढाच प्रोसेसर. लाईटवाल्या पंख्यांना माझा विरोध नाही, पोरांची हौस असते, पण समोरून पूर्ण काचेचं कॅबिनेट सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये नको, हवा आत शिरायला जागाच नसते. जाळीचं घ्या, त्यातही लाईट लागतात.

सध्या अवघड झालंय ते रॅमचं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे रेट दुपटीच्या वर गेले, डिसेंबरमध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आम्ही आता सगळ्यात आधी विचारतो की जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ (आधीच्या पिढीची) रॅम आहे का. असेल तर नव्या डीडीआर५ च्या मागं न लागता इंटेलच्या बाराव्या जनरेशनचा डीडीआर४ वाला बोर्ड नाहीतर एएम४ घ्यायचा आणि जुन्या काड्या खोडरबरने साफ करून, टेस्ट करून त्यातच लावायच्या, कोटेशन तिथल्या तिथं काही हजाराने खाली येतं. नवीनच घ्यायची असेल आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर एक काडी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवायला माझी हरकत नाही, पण आतल्या ग्राफिक्सवर चालवणार असाल तर आजही दोन काड्याच.

दुकानात आता आम्ही दोघं भाऊ, हिशोब आणि बिलिंग वहिनी बघतात आणि दोन पोरं सर्व्हिसला आहेत. कोटेशन पाहिजे असेल तर काय काम करता, कुठलं सॉफ्टवेअर, मॉनिटर आणि यूपीएस आहे का, आणि जुनं मशीन असेल तर त्याचा बाजूचा पत्रा काढून आतला फोटो, एवढं घेऊन या. दुसरीकडचं कोटेशन असेल तर तेही आणा, त्यातल्या मोघम ओळी आम्ही तुमच्यासमोर बसून भरून देतो, मग माल कुठूनही घ्या.