तुम्ही विचारलंत म्हणून: क्विटोतले पहिले दिवस

आम्ही दोघंच पाठीवर सॅक टाकून दक्षिण अमेरिकेत फिरून आलो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सुरुवात कुठून केलीत? आणि उतरल्या उतरल्या काय काय पाहिलंत?" विचारणाऱ्यांत खरोखर निघायच्या तयारीत असलेली जोडपीही असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. सुरुवात केली इक्वेडोरच्या राजधानीतून, क्विटोतून. आणि पहिल्या दिवसांत आम्ही मुद्दामच फार काही पाहिलं नाही. हे ऐकून लोक जरा हिरमुसतात. माझ्या मते मात्र अख्ख्या प्रवासात आम्ही घेतलेला तोच सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

क्विटो २८५० मीटर उंचीवर वसलंय. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्या बाराशे मीटर वर इथली माणसं रोज कामावर जातात, मुलं शाळेत पळत जातात, संध्याकाळी फुटबॉल रंगतो. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के भरतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच मानानं कमी मिळतो. मुंबईहून तिथे थेट विमान नाही. माद्रिद किंवा ॲम्स्टरडॅमला विमान बदलायचं आणि तिथून एका दमात अँडीजमध्ये उतरायचं. शरीराला सवय व्हायला मधे एकही मुक्काम नाही.

नवरा माझ्यापेक्षा कितीतरी तंदुरुस्त. पावसाळा-हिवाळ्यातला त्याचा जवळजवळ प्रत्येक रविवार सह्याद्रीत जातो. तरी पहिल्या रात्री डोकं त्याचंच ठणकत होतं आणि झोप तासातासाला मोडत होती. मला जिना चढताना धाप लागायची, बाकी काही नाही. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल आणि कुणाला नाही हे व्यायामावर ठरत नाही, आणि जोडप्यांनी हे निघायच्या आधीच मनाशी पक्कं करावं असं मला फार वाटतं. आम्ही ठरवूनच टाकलं होतं: ज्याला बरं वाटत नसेल त्याच्या चालीनं दोघांनी चालायचं, आणि त्यावरून एकमेकांना एक शब्दही बोलायचा नाही. पाणी भरपूर, रात्रीचं जेवण हलकं, दारूला हात नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्ससारख्या गोळ्या घ्यायच्या का, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा. हळूहळू त्याची डोकेदुखी उतरली, मग आमच्या चढणी लांबत गेल्या.

आणखी एक गोष्ट, जी फार जण विसरतात. इक्वेडोरहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिकीट काढलंत की पहिला फोन तिथे करा.

आता शहराकडे येते. क्विटो उत्तर-दक्षिण पसरलेलं, लांबच लांब आणि अरुंद. पश्चिमेला पिचिंचा ज्वालामुखीची भिंत. त्यामुळे नकाशा उघडायची गरज फारशी पडत नाही: डोंगर दिसला की ती पश्चिम. जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला पानेसियो नावाची टेकडी आणि तिच्यावर पंख असलेली मेरीची ॲल्युमिनियमची अजस्र मूर्ती. गल्लीबोळातून मान वर केली की ती कुठून ना कुठून दिसतेच. युनेस्कोनं १९७८ साली जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी केली, तिच्यात अवघी बारा ठिकाणं होती. हे जुनं शहर त्यातलं एक.

आमचा रोजचा दिवस साधा होता. सकाळी स्पॅनिशचा वर्ग. क्विटोची बोली संथ आणि स्पष्ट, फीही परवडणारी, त्यामुळे जगभरची मंडळी भाषा शिकायला इथे येतात. आम्ही शिकवणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, आम्हाला आधी आकडे, भाजीबाजार आणि बसस्टँड शिकवा, क्रियापदांचे तक्ते नंतर. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की घोकून घेतलेले आकडे घेऊन आम्ही दुपारी सरळ मंडईतच जायचो.

ती मंडई, मेर्कादो सेंत्राल, मला अजून जशीच्या तशी दिसते. आत फळांचे गाळे आणि जेवणाचे ओटे, ओट्यांसमोर बाकं. दुपारचं ठरलेलं जेवण दोन-तीन डॉलरमध्ये: आधी सूप, मग भात आणि त्याबरोबर मसुरीचं किंवा घेवड्याचं दाटसर कालवण, शेजारी ताज्या फळाचा रस. मी शाकाहारी. नुसतं "मांस नको" म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते, म्हणून एकेक नाव घेऊन नको म्हणायचं: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. सूपचं पाणी कशाचं आहे तेही विचारायचं. ज्या मावशींकडे आम्ही रोज बसू लागलो, त्यांचं लोक्रो दे पापा, म्हणजे बटाट्याचं सूप, साध्या पाण्यात शिजवलेलं असायचं. बटाटे इतके मऊ, की अर्धे विरघळून रसच दाट झालेला, त्यात दूध आणि पांढरं चीज, वरून ॲव्होकॅडोच्या फोडी. बाजूच्या वाटीत मक्याच्या लाह्या. त्या सूपमध्ये टाकायच्या आणि मऊ पडायच्या आत खायच्या. तिखट वेगळं वाटीत येतं, आही म्हणतात त्याला. मिरची वाटून त्यात झाडावर लागणाऱ्या लंबगोल टोमॅटोचा गर घातलेला, आंबटगोड आणि चांगलं झणझणीत. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. मी आयुष्यभर बटाटा खात आलेय, पण त्याला इतका मान दिलेला दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

फळवालीला तिथे सगळे "वेसी" म्हणून हाक मारतात, म्हणजे शेजारीण. आम्हीही मारायला लागलो. चिरिमोया हे आपल्या सीताफळाच्याच कुळातलं, फक्त साल गुळगुळीत आणि गर घट्ट. तिनं एक कापून हातावर ठेवलं, बी कुठे टाकायची ते खुणेनं दाखवलं, आणि विकत घेतलेल्या फळांवर निघताना आणखी एक टाकलं.

पैशांचं आधी माहीत असलेलं बरं. इक्वेडोरचं स्वतःचं चलन, सुक्रे, कोसळलं आणि २००० सालापासून तिथे अमेरिकन डॉलरच चालतो. शेवटी एका डॉलरला २५,००० सुक्रे असा दर लावून लोकांच्या नोटा बदलून दिल्या. ज्यांची आयुष्यभराची पुंजी सुक्रेत होती त्यांचं काय झालं असेल, या विचारानं मला फार कसंसं झालं. बाजारात वीस डॉलरची नोट कुणी मोडून देत नाही. मोठ्या नोटा सुपरमार्केटमध्ये मोडायच्या आणि खिशात कायम सुट्टे ठेवायचे. सोनेरी रंगाची एक डॉलरची नाणी इथे हातोहात फिरतात.

दुपारनंतर आम्ही एकच जागा गाठायचो, दोन नाही. ला कोम्पान्यिया हे जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचं, चर्च १६०५ मध्ये बांधायला घेतलं आणि १७६५ मध्ये पुरं झालं. आतल्या भिंती, खांब, छत, जिथे नजर जाईल तिथे सोन्याचा वर्ख. कारागिरी थक्क करते, यात वादच नाही. पण मला जास्त आवडलं ते उतारावरचं दुसरं चर्च, बासिलिका देल बोतो नासिओनाल. बाहेरून बघितलं तर युरोपातल्या एखाद्या गॉथिक चर्चसारखं टोकदार. आपल्या देवळांना जशी गोमुखं असतात तशी पावसाचं पाणी बाहेर टाकणारी तोंडं त्याच्याही भिंतींवर आहेत. युरोपात तिथे राक्षस असतात. इथे मात्र कासवं, इग्वाना, आर्माडिलो असे याच मातीतले प्राणी ओळीनं भिंतीतून पुढे झेपावलेले. आम्ही खाली उभं राहून एकेक ओळखत बसलो. दगडात कोरायला स्वतःच्या रानातले जीव निवडणाऱ्या त्या लोकांबद्दल मला तेव्हा जे वाटलं, ते आदरापेक्षाही मायेच्या जवळचं होतं. मनोऱ्यावर जायला आधी घुमटाळ छताच्या वरून जाणारी लाकडी फळी आणि मग उभ्या लोखंडी शिड्या आहेत. ते आम्ही पहिल्या दिवसांत केलं नाही, दम पुरायला लागल्यावर केलं. तुम्हीही तसंच करा.

भीती वाटली का, हेही विचारतात. सावध राहावं लागतं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला होता, तेव्हा निघण्याआधी ताज्या सूचना वाचाच. गर्दीत सॅक छातीशी घ्यायची, फोन रस्त्यात काढायचा नाही, अंधार पडल्यावर टॅक्सी, पानेसियोवर पायी नाही. विषुववृत्त अगदी जवळ असल्यामुळे बारा महिने सहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि लगेच गडद होतं, तेव्हा त्याआधी परतायचं. दिवसा मेट्रो उत्तम. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिकीट ४५ सेंट, आणि सान फ्रान्सिस्को स्थानकाबाहेर पडलात की थेट जुन्या शहराच्या चौकात. उन्हाकडे मात्र दुर्लक्ष नको. हवा गार असते, त्यामुळे कळत नाही, आणि तासाभरात कातडी भाजते. टोपी आणि सनस्क्रीन रोज, ढग असले तरी.

तेलेफेरिको, म्हणजे पिचिंचाच्या अंगावरून वर नेणारी केबलकार, आम्ही शेवटी ठेवली. ती ३९०० मीटरच्याही वर सोडते. सकाळी लवकर गेलं तर आभाळ मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. आम्हाला ५८९७ मीटरचा बर्फाच्छादित कोतोपाक्सी अख्खा दिसला. नवरा तिथल्या गवताळ सोंडेवरून अर्धा तास चालून आला आणि त्याच्या कपाळावर एक आठी नव्हती. मग आम्ही कितुंबेच्या बसस्टँडवर जाऊन लाताकुंगा या गावाची तिकिटं काढली. पुढे किलोतोआ ज्वालामुखीच्या विवराचा काठ, तोही ३९०० मीटरच्या आसपास, आणि गावागावांतून मुक्काम करत चालायची वाट. त्या वाटेबद्दलही बरेच जण विचारतात. त्यावर वेगळं लिहीन.