कवळीचे दात ठरवायला चेहऱ्याची एवढी मापं लागतात!

आधीची कवळी एका दवाखान्यातून मिळालेली, ट्रायल वगैरे काही नाही, सरळ हातात दिली. घातली की वरचा ओठ फुगलेला दिसायचा आणि बोलताना वरखालचे दात कटकट आपटायचे, त्यामुळे ती डब्यातच जास्त राहायची. मग सून म्हणाली आई, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या डेंटल कॉलेजमध्ये दाखवू. शेजारच्या ताई म्हणे, "काहून एवढ्या चकरा मारता जी काकू, बाहेर लगेच भेटते कवळी." पण त्या चकरांमध्ये काय काय होतं ते बघितल्यावर मला वाटतं हे प्रत्येकाला माहीत असायलाच हवं.

हिरड्यांची मापं झाली की लगेच दात येत नाहीत. आधी दातांच्या जागी मेणाची जाड कड असलेला साचा तोंडात बसवतात आणि सगळं ठरतं ते या मेणावर. डॉक्टर मॅडमनी ओठाला आधार किती हवा ते बघत मेण थोडं कापलं, परत लावलं, मग धातूचं एक चपटं पातं तोंडात धरायला लावलं ज्याचे पंख गालाबाहेर येतात. समोरून ते डोळ्यांच्या बाहुल्यांच्या रेषेला समांतर हवं आणि बाजूनं नाकपुडीपासून कानापर्यंतच्या रेषेला. जरा तिरकं राहिलं तर हसताना सगळे दातच तिरके दिसणार.

मग मेणावर रेघा. चेहऱ्याच्या मधोमध एक, ओठ सैल सोडून दोन्ही कोपऱ्यांशी एकेक, साधारण तिथं सुळा संपतो, आणि मोकळं हसायला लावून ओठ जिथपर्यंत वर जातो तिथं आडवी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मेणाच्या गोलाईवरून मोजलं की समोरच्या सहा दातांची रुंदी मिळते, हसण्याच्या रेघेवरून लांबी. मला सगळ्यात नवल वाटलं ते टाळूवरच्या बारक्या उंचवट्याचं, वरच्या समोरच्या दातांच्या अगदी मागे असतो, जिभेनं चाचपून बघा. दात गेले तरी तो राहतो, आणि समोरचे दात त्याच्या साधारण ८ ते १० मिमी पुढे असायचे असा अंदाज त्यावरून घेतात! खाली अगदी मागे हिरडीवर मऊ फुगवटा असतो, खालच्या दाढांची उंची त्याच्यावरून ठरवतात.

दातांच्या आकाराबद्दल मॅडम म्हणाल्या, चेहरा उलटा धरला की जो आकार दिसतो तसाच समोरचा दात, ही कल्पना १९१४ च्या सुमारास विल्यम्स नावाच्या माणसाने मांडली, पण पुढे तपासलं तर प्रत्येकाचं तसं जुळत नाही, म्हणून ती फक्त सुरुवातीला धरायची. त्यापेक्षा जुना फोटो आणा म्हणाल्या. मी लग्नानंतरचा एक नेला ज्यात दात दाखवून हसलेय. रंग त्यांनी खिडकीपाशी उजेडात बघितला, सुनेला पांढरेशुभ्र हवे होते, मी नाही म्हटलं. या वयाला एकदम पांढरे दात लांबूनच ओळखू येतात.

ट्रायलला दात मेणातच बसवलेले असतात. मे महिना, नागपूरचं ऊन, मेण मऊ पडू नये म्हणून मॅडम तो साचा मधेमधे गार पाण्याच्या वाटीत ठेवायच्या. मला "फिफ्टी फाइव्ह" म्हणायला लावलं, फ आणि व्ही म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाचा आतला ओला भाग आणि बाहेरचा कोरडा भाग जिथं मिळतात तिथं टेकायला हवी. मग साठपासून पुढे मोजा म्हणाल्या. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... स म्हणताना वरखालचे दात अगदी जवळ येतात पण आपटत नाहीत, आपटले तर कवळीची उंची जास्त झालीय. जुन्या कवळीत नेमकं हेच होत होतं! जबडा सैल सोडल्यावर दातांमध्ये २ ते ४ मिमी जागा राहायला हवी म्हणे. उजवीकडचा सुळा मला जरा पुढे वाटला, सांगितलं, त्यांनी लगेच मेण गरम करून आत घेतला. फोटोतही तो आतच होता.

तुमची किंवा घरात कुणाची कवळी व्हायची असेल तर ट्रायलला घरचं माणूस सोबत न्या, आरशात सावकाश बघा, मोठ्यानं बोला, खटकलं ते तिथंच सांगा. एकदा मेणाच्या जागी ॲक्रिलिकचं पक्कं प्लास्टिक आलं की दात असे सरकवता येत नाहीत. नवी घातल्यावर खाली एका जागी टोचायचं, ते घासून दिलं, आणि आता तर्री पोहे दोन्ही बाजूंनी चावून खाते.