२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये टू-मीटर रिग: काम कुठवर आलं

गाडी टिल्ट केबिनची, १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रिग, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओचा टू-मीटर बँडवरचा सेट, ५० वॅटचा एफएम, १३.८ व्होल्टवर चालणारा, ट्रान्समिटला साधारण १२ अँपिअर ओढणारा. बँड आपला नेहमीचा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. वॅट मात्र परवान्यात बसतील तेवढेच ठेवायचे. सप्लाय, वायरिंग आणि अँटेना झालंय. नॉइजचं (रेडिओतल्या खरखरीचं) काम अर्धं उरलंय.

वेळ सगळा सप्लायने खाल्ला. दोनपैकी खालच्या (चासीकडच्या) बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घ्या, हा गॅरेजमधला सल्ला अजिबात ऐकू नका. रिग एकाच बॅटरीतून खातो, पण अल्टरनेटर भरताना दोन्हींतून एकच करंट जातो. त्यामुळे खालची कायम अर्धपोटी राहते आणि वरच्या बॅटरीवर व्होल्टेज जास्त चढतं. खालची सल्फेट धरते, वरचीचं पाणी उडतं, आणि जोडी वर्षानुवर्षं टिकायची ती लवकर बाद होते.

म्हणून २४ ते १३.८ व्होल्टचा कन्व्हर्टर. लिनिअर (जादा व्होल्टेज उष्णता करून घालवणारा) नको: इंजिन चालू असताना २८ व्होल्ट येतात, म्हणजे १४.२ गुणिले १२, जवळपास १७० वॅटची नुसती उष्णता सीटमागे. स्विचिंग (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणारा) घ्यावा, पण लेबलवरचा आकडा बहुधा पीक (क्षणभराचा) असतो, म्हणून १२ अँपिअरसाठी निदान २० चा. घेण्याआधी झाकण उघडून इनपुटचा कॅपॅसिटर बघा. ३५ व्होल्टचा असेल तर परत करा. बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालं की अल्टरनेटरचा फटका शंभर व्होल्टच्याही वर जातो. कॅपॅसिटर निदान ५० व्होल्टचा हवा आणि त्याच्या पुढे असा फटका गिळणारा ३३ व्होल्टचा टीव्हीएस डायोड.

दुसरी भीती याहून मोठी. अशा (बक) कन्व्हर्टरचा मॉस्फेट, म्हणजे आतला स्विच, शॉर्ट झाला तर २८ व्होल्ट थेट रिगमध्ये. बहुतेक रिगची सोसण्याची हद्द १३.८ च्या १५ टक्के वर, म्हणजे १५.९. त्यासाठी आउटपुटवर आधी १५ अँपिअरचा फ्यूज आणि त्यापुढे क्रोबार (व्होल्टेज चढलं की लाइन शॉर्ट करणारं सर्किट): २५ अँपिअरचा एससीआर (गेटने चालू होणारा स्विच), गेटला १५ व्होल्टचा झेनर डायोड. सोळाच्या आसपास एससीआर सुटतो (चालू होतो) आणि फ्यूज उडतो. गेट आणि कॅथोडमध्ये १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरड विसरू नका, नाहीतर पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर आरएफनेच (रिगच्या रेडिओ लहरींनीच) एससीआर सुटतो आणि दोष कन्व्हर्टरवर जातो. रिग जोडण्याआधी बेंच सप्लायवर व्होल्टेज हळूहळू चढवून क्रोबार कुठे सुटतो ते तपासायलाच हवं.

कन्व्हर्टर बॅटरीजवळ नाही, केबिनमध्ये सीटमागे. लांबची धाव २४ व्होल्टवर ठेवली की करंट ७-८ अँपिअरच राहतो. जाऊन-येऊन १२ मीटर, ४ स्क्वेअर एमएम तांबं, तर वायरीतला व्होल्टेज ड्रॉप अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो आणि कन्व्हर्टरला त्याचं काहीच नाही. हीच धाव १३.८ वर केली असती तर रिगला १३.१ मिळाले असते. बॅटरीकडचा फ्यूज १० अँपिअरचा, टर्मिनलपासून वीतभराच्या आत.

पॉझिटिव्ह कट-ऑफ स्विचच्या (बॅटरी गाडीपासून तोडणाऱ्या) पुढून घेतलाय. निगेटिव्ह बॅटरीच्या टर्मिनलवर नाही, चासीवर, बॅटरीची अर्थ पट्टी जिथे बसते तिथे. काही गाड्यांत कट-ऑफ निगेटिव्हमध्ये असतो. तिथे आपली वायर थेट टर्मिनलवर गेली तर स्विच बंद असूनही अख्ख्या गाडीचा करंट तिच्यातून आणि कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शील्डमधून परत येतो. बॅटरीची अर्थ पट्टी तुटली तर स्टार्टरचाही.

टिल्ट केबिनमध्ये वायर कुठूनही नेता येत नाही. कंपनीचं हार्नेस बिजागरापाशी जिथून वळतं तिथूनच, कॉरुगेटेड पाइपमध्ये. टाय मारण्याआधी केबिन पूर्ण उचलून ढील बघावी. केबिन खाली असताना बेताची ठेवलेली वायर पहिल्याच सर्व्हिसिंगला तुटते.

अँटेना टपावर, एनएमओ माउंट (पत्र्याला भोक पाडून बसणारा), १९ मिमीचं भोक. आधी आतलं अस्तर उतरवून टपाच्या पट्ट्या आणि दिव्याच्या वायरी कुठे आहेत ते बघितलं. रंग फक्त आतून, माउंटच्या कड्याएवढा खरवडायचा. वरून खरवडला तर पावसाळ्यात गंज धरतो. फायबरचा डिफ्लेक्टर ग्राउंड प्लेन (अँटेनाखाली लागणारा धातूचा पृष्ठभाग) देत नाही. लाकडी बांधणीच्या केबिनला मीटरभर चौरस ॲल्युमिनियमचा पत्रा टाकावा लागेल, किंवा ग्राउंड न लागणारी हाफ-वेव्ह (अर्ध्या तरंगलांबीची) अँटेना. पाव तरंगलांबीची कांडी का, तर घाटात समोरचं स्टेशन डोक्यावर डोंगरात असतं. पाच-अष्टमांश तरंगलांबीच्या कांडीची शक्ती क्षितिजाकडे जाते, ती सपाटीवर कामाची.

कांडी ५२ सेंटिमीटरला सुरू करून कापत आणायची, १४५ वर साधारण ४९ ला बसते. १४४ ला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) कमी आणि १४६ ला जास्त म्हणजे कांडी लांब. एक मेगाहर्ट्झ वर सरकायला ३.५ मिमी, म्हणून शेवटी कानस वापरा, कटर नको. मोजताना दारं बंद, माणसं लांब. आरजी-५८ कोॲक्स पाच मीटर म्हणजे सुमारे १ डेसिबल गेला, ५० चे ४० वॅट उरले. केबल लहान ठेवा, जास्तीची गुंडाळी करून सीटखाली कोंबू नका.

आता नॉइज. रेससोबत चढणारी शीळ अल्टरनेटरची, तिच्यासाठी कन्व्हर्टरच्या इनपुटला चोक (नॉइज अडवणारी तारेची गुंडाळी) लावायचा आहे. शीळ नसलेला, सतत खरखरणारा नॉइज वेगळा. इंजिन बंद, एखाद्या लांबच्या रिपीटरचा (सिग्नल पकडून पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनचा) क्षीण सिग्नल लावून एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला सिग्नल साफ ऐकू येतो, चोर तिथे. डॅशकॅम आणि २४ व्होल्टचा यूएसबी चार्जर हे पहिले संशयित. ४३ मिक्सचा (४३ नंबरच्या मिश्रणाचा) फेराइट गाभा चार्जरच्या अगदी तोंडाशी, वायरचे दोन-तीन वेढे घेऊन. तेवढ्याने भागलं नाही तर चार्जरच बदलायचा.